शिर्डीतला नाताळ

डिसेंबर लागला की ऑफिसात एकच प्रश्न फिरत असतो. "रजा टाकलीस का? कुठे निघालास?" क्लायंट मंडळी नाताळच्या सुट्टीवर गेलेली असतात, मेल्स थंडावलेले असतात, प्रॉडक्शनला कुणी हात लावायचा नाही असा वरून हुकूम आलेला असतो. वर्षातले हे आठ-दहा दिवसच असे, की आयटीवाल्या माणसाला कुणी शोधत नाही.

२०२३ साली ह्या प्रश्नाला माझं उत्तर होतं, "ट्रॉन्डहाइम, नॉर्वे." प्रोजेक्टच्या कामासाठी तीन आठवडे जायचं होतं. ऐकणाऱ्याचे डोळे चमकले. "अरे वा! नाताळचा बाजार बघ हं. तिकडचं वातावरण काही औरच असतं!" २०२४ साली माझं उत्तर होतं, "शिर्डी. आईला घेऊन." त्याच माणसानं माझ्या खांद्यावर सहानुभूतीनं हात ठेवला. "नाताळात शिर्डी? वेडा आहेस का? तुडुंब गर्दी, वर लूट. दर्शन घे आणि पळ तिथून."

पळ तिथून. आज ह्या दोन शब्दांबद्दल लिहायचंय. कारण मी दोन्ही बाजार एका वर्षाच्या अंतरानं पाहिले. दोन्ही गावं तीर्थक्षेत्रं. दोन्हीकडे डिसेंबरात बाजार फुलतो. एका बाजाराला जायला आपण विमानाचं तिकीट काढतो आणि दुसऱ्यातून नाक मुरडत बाहेर पडतो. मीही तेच करत आलो. आता मात्र मला वाटतं की आपलं हे पळणं चूक आहे, आणि त्या चुकीचे पैसे भलताच कुणीतरी भरतोय. कोण, ते पुढे येईलच.

आधी ट्रॉन्डहाइमबद्दल थोडं सांगतो.

डिसेंबरच्या मध्यावर तिथे सूर्य सकाळी दहाच्या सुमारास उगवतो आणि दुपारी अडीचला मावळतो. मी जेवून मीटिंगला बसायचो तेव्हा बाहेर उजेड असायचा, मीटिंग संपायची तेव्हा मिट्ट काळोख. पहिल्या आठवड्यात तर मला उगाचच उशिरापर्यंत काम केल्यासारखं वाटायचं. (मॅनेजरलाही वाटलं असेल अशी आशा.) अशा अंधारात गावच्या मुख्य चौकात लाकडी टपऱ्या लागतात. दिव्यांच्या माळा, जळत्या लाकडांचा वास, साखरेत घोळवून भाजलेले बदाम, मसाला घातलेला द्राक्षाचा गरम रस. एक तपकिरी रंगाचं चीज मिळतं, ते पहिल्यांदा खाल्लं तेव्हा खव्यात चुकून मीठ पडलंय असं वाटलं. तिसऱ्या वेळी आवडलं.

चौकातून एक रुंद रस्ता सरळ नीदारोस कॅथेड्रलकडे जातो. चालत पाच मिनिटं. १६८१ साली गाव जळलं, त्यानंतर नव्यानं आखताना रस्ते मुद्दाम इतके रुंद ठेवले, की एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला जाऊ नये. आज त्या रुंदीचा फायदा बाजाराला येणाऱ्या माणसांना होतो. कुणी कुणाला धक्का न देता चालत राहतं.

हे कॅथेड्रल म्हणजे मुळात एक समाधीस्थान. ओलाव्ह नावाचा राजा १०३० साली स्टिक्लेस्टाडच्या लढाईत मारला गेला आणि लवकरच लोक त्याला संत मानू लागले. त्याला पुरलं त्या जागेवर १०७० च्या सुमारास मोठं चर्च बांधायला सुरुवात झाली. पुढची साडेचारशे वर्षं युरोपच्या उत्तर टोकाचं हे सर्वांत मोठं तीर्थ होतं. लोक डोंगर तुडवत, महिना-महिना चालत यायचे, म्हणजे आपल्या पालख्यांसारखंच. मग १५३७ साली नॉर्वेत धर्मसुधारणा आली, संतांची पूजा बंद झाली, आणि ओलाव्हची चांदीची पेटी कोपनहेगनला नेऊन वितळवली गेली. यात्रा थांबली. यात्रेवर जगणारं गाव ओसरत गेलं. चर्चचा बराचसा भाग पडका झाला होता, त्याची मोठी डागडुजी थेट १८६९ साली सुरू झाली. यात्रेचा जुना रस्ता १९९७ साली पुन्हा खुणा लावून खुला केला. ओस्लोपासून ६४३ किलोमीटर. आता लोक तो पुन्हा चालतात.

माझा तिथला एक सहकारी मला कॅथेड्रल दाखवायला आला होता. तिकीट काढून आत गेलो. (हो, पर्यटकांना तिथे तिकीट आहे. आपल्याकडच्या सशुल्क दर्शनाला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) परत चौकात येताना तो हसत म्हणाला, "तुमच्याकडे अजून समाधी आहे. आमच्याकडे आता बाजार उरलाय."

त्या बाजारात मी आईसाठी लोकरीचे हातमोजे घेतले. आठ पाकळ्यांची चांदणी विणलेले, काळे-पांढरे. ट्रॉन्डहाइमजवळ सेल्बू म्हणून गाव आहे, त्याच्या नावानं ते ओळखले जातात. १८५७ साली तिथल्या मारित नावाच्या एका तरुण मुलीनं असे नक्षीचे हातमोजे विणले, ते घालून ती चर्चला गेली, आणि बघता बघता सगळं गाव ते विणू लागलं. सेल्बूचा त्याआधीचा धंदा म्हणजे जात्याचे दगड काढणं. तो बसला तेव्हा ह्या विणकामानं कित्येक घरांना हात दिला. किंमत विचारायची गरज पडली नाही, कागदाच्या चिठ्ठीवर लिहिलेलीच होती. ७०० क्रोनर, म्हणजे साधारण साडेपाच हजार रुपये. विणणारी बाई स्वतःच टपरीत उभी होती. मी घासाघीस केली नाही. करायचं सुचलंसुद्धा नाही. उलट बाहेर पडताना काहीतरी चांगलं काम केल्यासारखं वाटत होतं.

आता शिर्डी.

डिसेंबर २०२४ चा शेवटचा आठवडा. पुण्याहून निघालो, नगर मागे टाकलं. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आईच्या तोंडी नगरच.) पुढचा नगर-मनमाड रस्ता कसा आहे ते ज्याच्या कमरेनं अनुभवलंय त्याला सांगायला नको. गळिताचा हंगाम, त्यामुळे उसानं भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर. राहात्याजवळ रस्त्याच्या कडेला पेरूचे ढीग. थंडी मस्त पडलेली.

नाताळ ते एक जानेवारी हा शिर्डीतला मोठ्या गर्दीचा काळ. ३१ डिसेंबरला समाधी मंदिर रात्रभर उघडं असतं, त्या रात्रीची शेजारती आणि दुसऱ्या दिवसाची काकड आरती होत नाही. आईला काकड आरतीच हवी होती, म्हणून आम्ही दोन-तीन दिवस आधीच गाठलं. २०११ च्या जनगणनेत जेमतेम ३६ हजार वस्तीचं हे गाव, आणि ह्या आठवड्यात दर दिवशी त्याहून जास्त माणसं येऊन जातात. दुकानांच्या पाट्या मराठीत, हिंदीत आणि तेलुगूत. दुकानदार तर माझ्याशीसुद्धा आधी तेलुगूतच बोलले. दोन ऑनसाइट हैदराबादला काढूनही मला उत्तर देता आलं नाही.

गाडी गावात शिरत नाही तोच एक पोरगा मोटरसायकलवरून शेजारी आला. "साहेब, पार्किंग फ्री, माझ्या मागं या." शिर्डीत ह्यांना पॉलिशवाले म्हणतात. गिऱ्हाईक दुकानापर्यंत आणायचं आणि कमिशन घ्यायचं. मी मागे गेलो. पार्किंग खरंच फुकट होतं, फक्त ते एका दुकानाच्या दारात होतं. गाडीतून उतरेपर्यंत आईच्या हातात पूजेचं ताट आलंसुद्धा. नारळ, चादर, साखरफुटाणे, अगरबत्ती आणि पाच-सहा गुलाब. ताट हातात आल्यावर किंमत कळली. अकराशे रुपये.

मी म्हटलं, "आई, ठेव ते परत."

आई म्हणाली, "देवाच्या नावानं हातात घेतलेलं ताट परत कसं ठेवू रे?"

दुकानदाराला हे माहीत होतं. त्याचा सगळा धंदाच आईच्या ह्या एका वाक्यावर उभा होता. आमच्या क्षेत्रात ह्याला 'डार्क पॅटर्न' म्हणतात. आधी क्रेडिट कार्डाचा नंबर घ्यायचा, मग 'फ्री ट्रायल' म्हणायचं, आणि रद्द करायचं बटण सातव्या पानावर लपवायचं. मी स्वतः असली बटणं लपवायच्या मीटिंगांना बसलोय. त्यामुळे रागावलो होतो खरा, पण फार वरच्या पट्टीत बोलायचा हक्क नव्हता. पैसे दिले.

दर्शन छान झालं. २०२३ च्या ऑक्टोबरात नवीन दर्शनरांगेचं संकुल सुरू झालंय, त्यामुळे पूर्वीसारखं उन्हातान्हात ताटकळावं लागत नाही. बसायला जागा, पाणी, सावली. एक क्यू म्हणून बघितलं तर उत्तम डिझाइन. बाहेर आलो, प्रसादालयात जेवलो. आणि मी ठरवून टाकलं, ह्या बाजारात आता पाऊल टाकायचं नाही. गाडी काढली आणि मुक्कामाला राहात्याला आत्याकडे निघालो. म्हणजे पळालोच.

रात्री अंगणात शेकोटीशी बसून मी ताटाची कहाणी रंगवून सांगितली. आतेभाऊ ऐकत होता. त्याची शेती आहे, पेरूची बाग आणि थोडे गुलाब. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, "दादा, त्या ताटात गुलाब किती होते?"

"असतील पाच-सहा."

"अकराशेतले शेतकऱ्याला किती गेले असतील, सांग बरं. तू इंजिनिअर आहेस."

मी गप्प.

मग त्यानं सांगायला सुरुवात केली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे मंदिर बंद झालं. नोव्हेंबरात उघडलं, २०२१ च्या एप्रिलात पुन्हा बंद, ऑक्टोबरात पुन्हा उघडलं. देव उघडला, पण हार-फुलं आत न्यायला बंदी राहिली. आधी कारण साथीचं होतं, मग स्वच्छता, सुरक्षा आणि भाविकांची हार-प्रसादात होणारी फसवणूक. २०२२ च्या ऑगस्टमध्ये फूल उत्पादक आणि विक्रेत्यांनी आंदोलन केलं, मंदिराच्या सुरक्षारक्षकांशी झटापट झाली. प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परवानगी दिल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये, म्हणजे आम्ही पोचायच्या थोडे दिवस आधी, फुलं पुन्हा समाधीपर्यंत जायला लागली होती.

"मधली चार वर्षं?" मी विचारलं.

"मधली चार वर्षं काय? गुलाबाला कळतं का दर्शन बंद आहे ते? रोज उमलायचा. पहिल्या वर्षी तोडून बांधावर टाकला. दुसऱ्या वर्षी वीस गुंठे होता तो उपटला." शेकोटीत एक काटकी सारत तो म्हणाला, "पेरूनं तारलं म्हणून बरं. ज्यांची निव्वळ फुलं होती त्यांचं विचारू नको. आता दहा गुंठे परत लावलाय. बघू."

आत्या म्हणाली, "आणि तू म्हणतोस बाजारात पाऊल टाकणार नाही."

झोप काही लवकर लागली नाही. मला वाटत होतं मी दुकानदाराला धडा शिकवलाय. प्रत्यक्षात दुकानदाराला माझे अकराशे मिळालेच होते. माझ्या पळण्यानं बुडणार होता तो ज्याच्याकडून मी उद्या काहीतरी घेतलं असतं तो.

'साईसच्चरित' आईनं कितीतरी वेळा पारायण करून वाचलंय. दाभोलकरांचा हा ओवीबद्ध ग्रंथ. सुरुवातीलाच बाबा जात्यावर गहू दळायला बसतात ती गोष्ट. सकाळी चहा पिताना आईनंच विषय काढला. म्हणाली, "बाबांनी स्वतः बाग केली होती, माहितेय ना? झेंडू, जाई, जुई. रोपं कुठून आणली होती?"

"कुठून?"

"राहात्याहून."

आतेभावाला हे माहीत होतं. राहात्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं म्हणे. गोष्ट पाचव्या अध्यायातली आहे. वामन तात्या रोज दोन कच्च्या घागरी द्यायचे, बाबा विहिरीवरून त्या खांद्यावर वाहून आणून झाडांना पाणी घालायचे. संध्याकाळी कच्च्या मातीच्या घागरी फुटून जायच्या, दुसऱ्या दिवशी नव्या.

त्याच अध्यायात ती प्रसिद्ध गोष्टही आहे. बाबा गावातल्या वाण्यांकडून तेल मागून आणून मशिदीत दिवे लावायचे. एके दिवशी वाण्यांनी ठरवून तेल नाकारलं, तेव्हा बाबांनी पाण्यानं दिवे लावले. म्हणजे शिर्डीचा दुकानदार आणि शिर्डीचा देव ह्यांचं भांडण शंभर-सव्वाशे वर्षं जुनं आहे. आज बाजार बिघडला, पूर्वी सगळं पवित्र होतं, असं म्हणणाऱ्यांनी हा अध्याय वाचावा. चमत्कार मानणं न मानणं ज्याच्या त्याच्याकडे. मला त्या गोष्टीत जे दिसतं ते एवढंच, की बाबांनी त्यानंतर गाव सोडलं नाही, वाण्यांचं गाव म्हणून वाळीतही टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच, त्याच गल्लीत, नेहमीसारखी भिक्षा मागितली असणार.

पुढच्या अध्यायात यात्रेचा बाजार येतो. १८९७ साली कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड ह्यांनी शिर्डीत उरूस भरवायचं काढलं. परवानगीत अडचणी आल्या. गावात दोन विहिरी, एक आटलेली, दुसरीचं पाणी खारट. पाणी बाहेरून आणायची सोय केली, तात्पुरती दुकानं उभारली, कुस्त्या लावल्या. पुढे ह्याच उरुसाला जोडून रामनवमीचा उत्सव सुरू झाला. म्हणजे हा बाजार आगंतुक म्हणून मागाहून घुसलेला नाही. जत्रा ठरली त्याच दिवशी दुकानंही ठरली. पाण्यासारखीच तीही गरजेची गोष्ट होती.

आता मुद्द्यावर येतो.

नॉर्वेतल्या बाजाराला आपण 'वातावरण' म्हणतो आणि शिर्डीतल्याला 'बाजारूपणा', ह्याचं एक कारण आपला न्यूनगंड आहे हे कबूल. पण तेवढंच कारण नाही. दोन बाजारांत खरा फरक आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ट्रॉन्डहाइमला मला किंमत आधी दिसली, माल कुठल्या गावचा ते कळलं, आणि विणणारी बाई समोर होती. शिर्डीत किंमत शेवटी कळली, चादर आणि फोटोफ्रेम कुठून आली कुणाला ठाऊक नाही, आणि ताटातली एकमेव गोष्ट जी जवळच्या मातीत पिकली होती, तो गुलाब, तिचा मालक पाच किलोमीटरवर बसून आपल्याला किती मिळाले ते मोजत होता. दिव्यांच्या माळा शिर्डीत नॉर्वेपेक्षा जास्तच असतात. कमी आहे ती चिठ्ठीवर लिहिलेली किंमत.

आणि ते सुधारता येतं, ह्याचा पुरावा मला दुसऱ्याच दिवशी शिर्डीतच मिळाला. फुलं पुन्हा सुरू करताना संस्थानच्या कर्मचाऱ्यांच्या सोसायटीमार्फत, शेतकऱ्यांकडून फुलं घेऊन, ठरलेल्या दरात विकायची व्यवस्था केली गेली. आतेभाऊ म्हणाला, "तिथून घ्या, मावशी." (माझी आई त्याची मामी, पण लहानपणापासून तो तिला मावशीच म्हणतो.) आम्ही गेलो. दर लिहिलेला. आईनं स्वतः हार निवडला, स्वतः पैसे दिले, सुट्टे मोजून परत घेतले. आदल्या दिवशी ताट हातात घेऊन ती ओशाळली होती. आज हार हातात घेऊन ताठ चालत होती. फरक फक्त एका पाटीचा.

ह्यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, देवाला फुलं लागतातच कशाला? टनावारी निर्माल्य होतं, घसरून माणसं पडतात, सुरक्षेची कटकट. हा आक्षेप खोटा नाही. पण आमच्याकडे सर्व्हरवर लोड आला तर आपण युजर बंद करत नाही, क्षमता वाढवतो. निर्माल्याचं काय करायचं, कुठल्या आकाराचा हार चालेल, रांगेत तो कुठे काढून घ्यायचा, हे सगळे सुटणारे प्रश्न आहेत. ज्या गावानं हजारोंच्या पंगती उठवायला सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून स्वयंपाक करणारी यंत्रणा २००९ सालीच बसवली, त्याला गुलाबाच्या पाकळ्यांचं गणित जमणार नाही असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप म्हणजे फसवणूक. 'फसवतात म्हणून बंदच करा.' ह्या युक्तिवादानं फसवणारा मरत नाही. फूल बंद झालं तरी चादर होती, नारळ होता, फुकटचं पार्किंग होतं. पॉलिशवाल्यानं दुसरं काहीतरी विकलं. ज्याच्याकडे विकायला फक्त गुलाब होता तो मात्र चार वर्षं बसून राहिला. बंदीचा मार जेव्हा नेमका चुकीच्या माणसाला बसतो, तेव्हा तिला उपाय म्हणता येत नाही.

माझ्या मते करायच्या गोष्टी अगदी साध्या आहेत. प्रत्येक दुकानावर, मोठ्या अक्षरांत, ताटातल्या एकेका वस्तूची किंमत. मराठीत, हिंदीत, तेलुगूत. ज्यानं पाटी लावली नाही त्याला दंड, आणि तो दंड खरोखर वसूल करायचा. दुसरं, नाताळच्या ह्या आठवड्यात, जेव्हा सगळा देश शिर्डीत येतो, तेव्हा आसपासच्या गावांना त्यांचा माल स्वतः विकायला एक चौक द्यावा. राहात्याचा पेरू, गुलाब, झेंडू, बचत गटाच्या बायकांचे पदार्थ. ट्रॉन्डहाइमच्या चौकात हेच होतं, फक्त लाकडी टपरीमुळे ते आपल्याला परदेशी वाटतं.

तिसरी गोष्ट आपली, यात्रेकरूंची. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. काकडीचा विमानतळ २०१७ पासून आहे, मुंबईहून वंदे भारत २०२३ पासून. सकाळी निघून, दर्शन घेऊन, रात्री घरी. शिर्डी आता एका दिवसात 'उरकता' येते. गाडीतून रांगेत, रांगेतून प्रसादालयात, प्रसादालयातून गाडीत. सोय झाली हे उत्तमच, माझ्या आईच्या गुडघ्यांनाही ती हवी आहे. पण एक रात्र राहावं, संध्याकाळी पायी फिरावं. द्वारकामाई, चावडी, गुरुस्थानाचा निंब, लेंडीबाग, सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत आहे. चालणाऱ्या माणसाला पॉलिशवाला फसवू शकत नाही, कारण तो चार दुकानांत भाव विचारतो. तो घाईत असलेल्यालाच धरतो. मला धरलं तसं.

ओलाव्हच्या गावानं पावणेपाचशे वर्षांपूर्वी यात्रा गमावली. ती परत यायला साडेचारशे वर्षं लागली, आणि तीही पायवाट म्हणूनच. समाधी कायमची गेली. शिर्डीला हा अनुभव २०२० आणि २१ साली थोडक्यात चाखायला मिळाला. बंद शटरं, रिकामी लॉजं, बांधावर पडलेले गुलाब. माझ्या सहकाऱ्याकडे फक्त बाजार उरलाय, तरी तो तिथे अभिमानानं पाहुणे नेतो. आपल्याकडे दोन्ही आहे. निदान बाजारातून मान खाली घालून पळू नये.

आम्ही ३० तारखेला निघालो. काकड आरती मिळाली. पहाटे रांगेत आईनं सेल्बूचे हातमोजे घातले होते आणि त्या जाड मोज्यांत तिला हार नीट धरता येईना. शेवटी मोजे माझ्या खिशात आले आणि हार तिच्या हातात. थंडीनं बोटं लाल झाली तरी तिनं तो मला धरू दिला नाही.

येताना राहात्यावर पाच किलो पेरू घेतले. भाव विचारला, पाटीवर होता तेवढाच दिला. ऑफिसात दोन तारखेला वाटले. "पळ तिथून" म्हणणाऱ्या मित्रानं तीन खाल्ले आणि विचारलं, "कुठले रे? मस्त आहेत."

म्हटलं, "पुढच्या नाताळात चल, दाखवतो."